रविवारचं भुशाचं पोतं

त्या रविवारी मी नेहमीसारखं रिकामं पोतं काखेत मारून दिगंबरच्या घरी निघालो, आणि गल्लीच्या वळणावरूनच त्याच्या फाटकाबाहेर चपलांचा ढीग दिसला. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून माझी सगळी नोकरी लातूर आणि नांदेडच्या बसस्थानकांवर गेली. कुठली गर्दी लग्नाची, कुठली यात्रेची आणि कुठली काहीतरी वाईट घडल्याची, हे मला लांबून कळतं. ही गर्दीही कळली होती. तरी मी चालत राहिलो, कारण मनाशी म्हणत होतो की वहिनींच्या माहेरचं कुणी असेल, त्यांची म्हातारी आई असेल... माणूस अशा वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी मरणाची आशा धरतो, हे मला त्या दिवशी समजलं. फाटकाशी दिगंबरचा मुलगा प्रसाद उभा होता. पुण्याहून रात्रभर गाडी चालवून आलेला, डोळे लालबुंद. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग काखेतल्या पोत्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, पप्पा गेले. काल संध्याकाळी."

मला कुणी कळवलं नव्हतं, पण त्यात कुणाची चूक नव्हती. माझा नंबर दिगंबरच्या फोनमध्ये होता आणि त्या फोनचं लॉक कुणाला उघडता येत नव्हतं. वहिनींना नंबर पाठ असण्याचं कारण नव्हतं; आम्ही फोनवर बोलायचोच कुठे? घर दोन गल्ल्या पलीकडेच, पण त्या रात्रीच्या गडबडीत माझ्याकडे कुणाला पाठवायचं त्यांना सुचलं नाही. रविवारी नऊ वाजता मी हजर, हे ठरलेलं. संध्याकाळी चहा पिऊन तो खुर्चीत टेकला आणि वहिनी कपबशी न्यायला परत येईपर्यंत संपलं होतं. हे सगळं मला ओसरीत बसलेल्यांपैकी कुणीतरी हळू आवाजात सांगितलं. मी ऐकत होतो, पण माझं निम्मं लक्ष त्या पोत्यात होतं. मयताच्या घरी रिकामं पोतं घेऊन आलेला माणूस कसा दिसतो, याचीच मला लाज वाटत होती. शेवटी मी त्याची घडी करून त्यावरच बसलो.

मग त्या पोत्याला काम निघालं. पावसाचे दिवस होते, रिपरिप चालू होती. घाटावर जाऊन आलेले शेजारचे एक जाणते गृहस्थ म्हणाले, "लाकडं लई दमट हायत तिकडं. आग धरायची न्हाईत. मागं कारखान्यात भुस्सा असंल की, बघा जरा." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भुसा कुठल्या ड्रममध्ये असतो, कुठलं घमेलं घ्यायचं, हे त्या घरात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक खाली चटईवर होता. मी उठलो. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दिगंबरच्या सुतारकामाच्या जागी गेलो, ड्रमचं झाकण काढलं आणि पोतं भरायला लागलो. पोतं भरणं हे दोघांचं काम. एकानं तोंड धरायचं, दुसऱ्यानं घमेल्यानं ओतायचं. तोंड नेहमी दिगंबर धरायचा. त्या दिवशी मी पोत्याची कड गुडघ्यात दाबून धरली, आणि जितका भुसा आत गेला तितकाच जमिनीवर सांडला. तो झाडून घ्यायला वेळ नव्हता. तसाच सोडून निघालो, आणि एवढ्या गडबडीतही मनात आलं की दिगूनं हे खपवून घेतलं नसतं.

घाटावर तो भुसा चटकन पेटला. बाजूला उभी असलेली माणसं म्हणालीसुद्धा, की बरं झालं, नाहीतर लई हाल झाले असते. भर पावसाळ्यात इतका खडखडीत वाळलेला भुसा त्या ड्रममध्ये आला कुठून, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तो पडला नाही. मी फक्त त्या जाळात दिगंबरच्या नेहमीच्या सागाचा वास येतो का ते बघत होतो, आणि तो येत नव्हता.

दिगंबर मूळचा इस्लापूरचा, सागाच्या जंगलाच्या कडेचा. विष्णुपुरीला एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मुलांना सुतारकाम शिकवायचा. आमची ओळख भांडणातून झाली. मी लातूरहून नांदेडला बदलून आलो होतो, जागा नवीन, डोकं गरम. एके दुपारी इस्लापूरकडून आलेल्या गाडीचा कंडक्टर तणतणत आला, की एका पॅसेंजरनं टपावर भलंमोठं लाकूड टाकलंय आणि आता ते शहर बसमध्ये चढवून पुढं न्यायचं म्हणतोय. मी माइक घेतला आणि सगळ्या बसस्थानकाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, की लाकूडवाल्या प्रवाशानं ताबडतोब नियंत्रण कक्षात यावं. एक किडकिडीत माणूस आला. खांद्याला धूळ, गळ्यात दस्ती, चेहऱ्यावर कसलीही अपराधाची खूण नाही.

"साहेब, ते लाकूड न्हाई. दार हाय. आमच्या आजोबाच्या घराचं."

"दार असो नाहीतर खिडकी, त्याला काय तिकीट फाडू आता? हाफ का फुल?"

"उघडं असंल तर फुल फाडा," तो गंभीरपणे म्हणाला, "बंद असंल तर हाफ."

मी रागानं लाल झालो होतो, पण पलीकडे बसलेला लिपिक फिसकन हसला आणि मग मलाही आवरेना. ते दार पार्सलाच्या हातगाडीवरून गेलं. त्या दिवसापासून मी त्याचा 'कंट्रोलर' झालो. पुढे निवृत्तीनंतर आम्ही एकाच कॉलनीत, दोन गल्ल्यांच्या अंतरानं घरं बांधली. त्यानं घरामागे पत्र्याची शेड घातली आणि आजोबांचं ते दार चार पायांवर आडवं टाकून त्याचा ओटा केला. पुढची सगळी वर्षं त्याचं काम त्या दारावर चाललं. कोयंड्याची भोकं तशीच होती, त्यात तो पेन्सिली उभ्या करून ठेवायचा.

खुर्च्या, देव्हारे, पोळपाट, नातवासाठी घोडा, काय काय केलं त्यानं. पण मला विचाराल तर त्याची खरी मास्टरी लाकडात नव्हती, लाकडातून जे पडतं ते सांभाळण्यात होती. शहरातल्या घरात सुतारकाम करायचं म्हणजे भुशाशी संसार करायचा. तो कुठे जात नाही? वाळत घातलेल्या पापडांवर बसतो, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर बसतो, अंथरुणात शिरतो. सुरुवातीला वहिनींनी घर डोक्यावर घेतलं होतं. "भाकरीत कचकच, भातात कचकच. दातात लाकूड येऊन राहिलं माझ्या," असं त्या मला भर अंगणात सांगायच्या, म्हणजे दिगंबरला ऐकू जावं. मग हा पठ्ठ्या कामाला लागला. शेड आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ओल्या गोणपाटाचा पडदा आला. झाडण्याआधी हातानं पाणी शिंपडायचं, म्हणजे बारीक धूळ उडत नाही. रंध्याचे छिलके एका डालीत, पटाशीच्या ढलप्या दुसऱ्या डालीत, करवतीचा भुसा झाकणाच्या ड्रममध्ये. सागाचा अगदी मैद्यासारखा बारीक भुसा वेगळ्या डब्यात, कारण सरसात कालवून तो फटी बुजवायला लागतो. कडुलिंबाच्या ढलप्या संध्याकाळी डासांसाठी धुरीला. एक चिमूट वाया जायची नाही. मी त्याला म्हणायचो, "दिगू, तू भुसा पाडायला सुतारकाम करतोस, की सुतारकामासाठी भुसा पाडतोस, ते एकदा नक्की कर." तो तोंडाला बांधलेल्या दस्तीतून हसायचा, फक्त डोळे दिसायचे.

आणि तो पंखा! बाद झालेल्या कूलरचा मोठा पंखा त्यानं उलटा बसवला, ओट्याच्या कडेला त्याचं तोंड आणलं, आणि मागच्या बाजूला वहिनींची एक जुनी सुती साडी लांब पिशवीसारखी शिवून बांधली. जांभळी साडी, पिवळ्या काठांची. पंखा चालू केला की हवेत उडणारी सगळी धूळ आत ओढली जायची, आणि ती साडी हळूहळू फुगत फुगत आढ्यापर्यंत उभी राहायची. हवा विणीतून बाहेर, भुसा आत. वहिनींनी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आता ह्या पंख्याबरोबरच संसार करा, त्यालाच नेसवलंय ना." पण लोणचं वाचलं, तेव्हा त्यांनी पुढं काही म्हटलं नाही. तो पंखा घरघर करायला लागला की गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा. बंद केला की साडी एकदम पडायची नाही. सावकाश, दमलेल्या बाईनं भिंतीला टेकून बसावं तशी खाली यायची.

माझी सुशीला गेली त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. मुलगी पुण्याला. ती आली, राहिली, घरात सगळ्या सोयी करून दिल्या आणि तिच्या संसाराला परत गेली. जायलाच पाहिजे होतं. दिगंबरनं इस्लापूरच्या सागाचं एक छोटं आसन करून आणलं. आमच्या बैठकीत बुद्धांची मूर्ती आहे, ती आता त्यावर असते आणि खाली सुशीलेचा फोटो. ते ठेवून झाल्यावर तो म्हणाला, "येत जा की बसायला." मी म्हणालो, बघू. आणि गेलो नाही. माझा स्वभावच तसा वाईट आहे. मला उगाच कुणाच्या घरी जाता येत नाही. उभ्या नोकरीत पाटी लावल्याशिवाय गाडी फलाटावरून हलू दिली नाही, तसंच स्वतःचंही झालं. कामाशिवाय कुणाचं फाटक उघडायचं म्हणजे माझा हात मागे येतो. लोक म्हणतील, एकटा पडलाय म्हणून येतो... ते मला नको होतं. त्यापेक्षा घरात बसून भिंतीवरचं घड्याळ पुसलेलं बरं. त्या काळात असे दिवस जायचे, की संध्याकाळी दूधवाल्याला हो म्हणताना लक्षात यायचं, आजचा हा पहिलाच शब्द. ज्याचा आवाज सगळं बसस्थानक ऐकायचं, त्याची ही गत.

दिगंबरनं दोन-तीनदा बोलावून बघितलं. मग एका रविवारी पत्र्याच्या जुन्या डब्याची शेगडी घेऊन तोच माझ्या दारात. भुशाची शेगडी. आमच्या लहानपणी घरोघर असायची. आजच्या मुलांना सांगूनही कळणार नाही. डब्याच्या मधोमध एक बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडकं आडवं घालायचं, आणि भोवती भुसा ठासून ठासून भरायचा. मग बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची, दांडकं बाहेर ओढायचं. भुसा चांगला ठासला असेल तर मधली पोकळी तशीच राहते, आणि खालून काडी लावली की तासन् तास मंद विस्तव. "पाणी तापव, वरण शिजव," तो म्हणाला. "भुस्सा लई साचून राहिलाय माझ्याकडं. वहिनी वरडून राहिली तुझी. दर रविवारी पोतंभर ने, माझी सुटका कर."

हे काम होतं. कामाला मी नाही म्हणत नाही.

असा आमचा रविवार ठरला. मी फाटकाची कडी वाजवायचो. आत पंखा घरघरत असायचा, साडी फुगलेली असायची, दिगंबर ओट्याशी असायचा. मला बघून तो पंखा बंद करायचा, साडी खाली बसेपर्यंत आम्ही दोघंही गप्प. मग तो पोत्याचं तोंड धरायचा, मी घमेल्यानं भरायचो, सुतळी बांधायचो. वहिनी चहा आणायच्या. चहा झाला की मी निघालो म्हणायचो आणि तो म्हणायचा, "बस की, तुझी गाडी काय सुटून राहिलीय का?" मी बसायचो. काय बोलायचो? काही नाही. किल्लारीकडच्या माझ्या गावात भूकंपानंतर पुन्हा घर उभं करताना जुन्या लाकडांचं काय झालं, हे त्यानं मला शंभरदा विचारलं असेल. मी शंभरदा सांगितलं. बाकी बराच वेळ नुसतं बसणं. मग मी पोतं खांद्यावर टाकून घरी. आठवडाभर ती शेगडी पेटायची, आणि आठवडाभर मला ठाऊक असायचं की रविवारी मला जायचं ठिकाण आहे.

गेल्या पावसाळ्यात एकदा शेगडीनं नुसता धूर धरला. घरभर काळाकुट्ट, डोळ्यांतून पाणी. पुढच्या रविवारी मी तावातावानं गेलो. "दिगू, भुशात पाणी मारतोस का रे दूधवाल्यासारखं? ओला कच्च भुसा दिलास मला." एरवी त्यानं उलट चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी तो फक्त म्हणाला, "हाव, जरा दमट आला असंल. पाऊस हाय ना. आता बघतो." आणि खरंच, नंतर भुसा कायम कोरडा आला. मी कॉलर ताठ करून वहिनींना सांगितलंही, की बघा, याला जरा दम दिला की सरळ येतो. त्या कपबशा गोळा करत राहिल्या. आणखी एक गोष्ट मला दिसत होती आणि दिसत नव्हती. शेडची जमीन अलीकडे फारच स्वच्छ असायची. ओट्याखाली एक छिलका नाही. मी त्याचंही कौतुकच केलं. म्हटलं, म्हातारपणी माणूस आणखी टापटीप होतो म्हणायचं.

तो गेल्यावर तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. त्यानंतरच्या रविवारी नऊ वाजता मी उठलो, चपला घातल्या, आणि हात काखेकडे गेला. पोतं घाटावरच राहिलं होतं. रिकाम्या हातानं जायचं म्हणजे काय सांगून जायचं? मी खूप वेळ दारात उभा राहिलो. शेवटी स्वतःलाच शिव्या घातल्या आणि गेलो. फाटकाची कडी वाजवली. आत पंख्याचा आवाज नव्हता. एवढी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. वहिनी ओसरीत एकट्याच बसल्या होत्या. प्रसाद पुण्याला परत गेला होता. माझ्याकडे बघून त्यांनी पहिल्यांदा काय विचारावं? "पोतं न्हाई आणलं, भाऊजी?"

आम्ही मागे शेडमध्ये गेलो. मी त्या दिवशी सांडलेला भुसा कुणीतरी कोपऱ्यात लोटून ठेवला होता, आणि ड्रमच्या तळाशी अजून थोडा शिल्लक होता. मी हात घालून मूठभर उचलला. असल्या गोष्टी मी बोलणारा माणूस नाही, पण बोलून गेलो, "वहिनी, हा मी आता जाळणार नाही. बरणीत भरून ठेवतो. दिगूच्या हातचा शेवटचा भुसा आहे."

वहिनींनी ड्रमचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला फसवू कशी... ते ह्यांच्या हातचं न्हाई. आरा मशीनवरचं हाय."

मला अर्थबोधच होईना. लाकडाचे ओंडके चिरतात ती आरा मशीन? तिथला भुसा इथे कसा? वहिनी त्या दाराच्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. मागच्या उन्हाळ्यापासून दिगंबरचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप धरता यायचा, पण रंधा धरला की सरळ चालायचा नाही. एकदा पटाशी निसटली, मांडीला लागली. त्या दिवशी त्यानं सगळी हत्यारं तेल लावून पेटीत ठेवली आणि पुन्हा काढली नाहीत. हे त्यानं प्रसादलाही सांगितलं नाही. पण दर शुक्रवारी रिक्षा करून आरा मशीनवर जायचा, तिथून भुसा भरून आणायचा. तो ताज्या ओंडक्यांचा, ओला. तुम्ही धुराची तक्रार केली तेव्हापासून, वहिनी म्हणाल्या, शनिवारी गच्चीवर माझी दुसरी एक जुनी साडी अंथरायचे, त्यावर पसरायचे, आभाळ आलं की धावत वर. वरून डालीतले जुने छिलके मूठभर टाकायचे, म्हणजे तुम्हाला ओळखू येऊ नये. आणि रविवारी तुमची कडी वाजली की हा पंखा चालू करायचे.

"त्या शनिवारी पण वाळवला. ढग आले म्हणून दुपारीच खाली आणला, ड्रममधी भरला. मग म्हणले, चहा ठेव."

मी मुठीतला भुसा बघत होतो. तो लालसर होता, जाडाभरडा. सागाचा असा असतो का? शाळेतलं पोरही सांगेल नाही म्हणून. घाटावर मला सागाचा वास का आला नव्हता, ते आत्ता कळत होतं. माझ्यासाठी वाळवलेल्या भुशानंच त्याची लाकडं पेटली होती. मला रडू येण्याऐवजी राग आला. खरंच सांगतो, भयंकर राग आला. मी वहिनींवरच ओरडलो, "पण कशासाठी? मला काय भुशाशिवाय अडलं होतं? माझ्या गच्चीवर सोलर आहे! पोरीनं केव्हाच बसवून दिलाय. घरात गॅस आहे. नळ सोडला की गरम पाणी येतं माझ्या घरात!"

"ते माहीत होतं ह्यांना," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तुमची टाकी आमच्या गच्चीवरून दिसती."

मग म्हणाल्या, "मी म्हणलं होतं, सांगून टाका ना त्यास्नी खरं. कशाला ही उठाठेव ह्या वयात. तर म्हणले, कंट्रोलर बिनकामाचा कुणाच्या दारात पाय टाकत न्हाई. भुस्सा संपला म्हणून सांगितलं तर तो यायचा न्हाई, घरातच बसून राहील. आणि मग..." वहिनींनी डोळ्याला पदर लावला. "आणि मग मलातरी कोण हाय, म्हणले."

मी घरी आलो. शेगडी अंगणात होती, मधली बाटली शेजारी. त्या आठवड्यात मी ती पेटवली नाही. सोलरच्या गरम पाण्यानं अंघोळ केली, गॅसवर वरण केलं, सगळं व्यवस्थित झालं. आणि घर असं काही शांत झालं, की मला त्या शांततेची भीती वाटली. सुशीला गेल्यावर जे घर होतं, तेच परत आलं होतं. मधली वर्षं एका माणसानं ती शांतता दारातच अडवून धरली होती.

वहिनी दिवाळीनंतर पुण्याला जाणार आहेत, प्रसादकडे. तो बरोबरच म्हणतो, एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्या कशा राहतील. चावी माझ्याकडे द्यायची ठरलं आहे. पण दिवाळीला अजून अवकाश होता, आणि मधल्या रविवारांचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. एका शुक्रवारी मी सायकल काढली आणि आरा मशीनवर गेलो. तिथे बाभळीचे ओंडके चिरणं चाललं होतं. तिथल्या माणसानं मला वर-खाली बघितलं आणि म्हणाला, "ते दुसरे काका आले न्हाईत लई दिवस?" मी म्हणालो, आता मीच येत जाईन. पोतं भरून सायकल ढकलत ढकलत दिगंबरच्या घरी आणलं. वहिनी फाटकाशी आल्या. मी तयारी करून गेलो होतो, की ड्रम रिकामा राहिला तर उंदीर होतील, पत्रा गंजेल, असलं काहीतरी सांगायचं. त्यांनी काही विचारलंच नाही. पोत्यात हात घालून बोटांनी भुसा चाचपला आणि म्हणाल्या, "ओला हाय. उद्या ऊन पडलं तर गच्चीवर टाकते."

दोन दिवसांनी रविवारी मी काखेत पोतं मारून निघालो. गल्लीच्या वळणावर यायला उशीर झाला, कारण मी मुद्दाम सावकाश चालत होतो. फाटकाची कडी वाजवली.

आतून पंख्याची घरघर ऐकू आली.

मी तिथेच उभा राहिलो. क्षणभर... पण नाही, तसं काही नसतं, मला ठाऊक आहे. मी मागे शेडमध्ये गेलो. जांभळी साडी आढ्यापर्यंत फुगून उभी होती, आणि वहिनी एक हात बटणावर ठेवून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी पंखा बंद केला. साडी सावकाश खाली बसेपर्यंत आम्ही दोघंही गप्प राहिलो. मग मी घमेलं उचललं, आणि वहिनींनी पोत्याचं तोंड धरलं.